पॅकेट लॉस सारखा येतोय? राउटर बदलायच्या आधी तो कुठे होतोय ते शोधा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्टला ९५-९८ येतात, पण संध्याकाळी मीटिंगमध्ये आवाज तुटतो, मुलाचा गेम अडकतो, आणि पिंग (समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणारी कमांड) लावून ठेवला की मधूनमधून रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच आलं नाही, असं दिसतं. ऑपरेटरचा माणूस येतो, राउटर रिस्टार्ट करतो, एकदा तर बदलूनही दिला, दोन-चार दिवस बरं चालतं आणि मग परत तेच. आणि आता पाच-सहा हजारांचा नवीन राउटर घ्यावा का, असं विचारताय.

आत्ता घेऊ नका. कदाचित शेवटी राउटरच लागेल, तेही सांगतो कधी, पण आज तुम्हाला हेच माहीत नाही की पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) घरात पडतंय म्हणजे हरवतंय, घर ते खांब या टप्प्यात पडतंय, की ऑपरेटरच्या पुढे. हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं लक्षण तुमच्या स्क्रीनवर एकच दिसतं. मी बरीच वर्षं छोट्या आयएसपीकडे (इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे) आधी फिल्डवर आणि मग मॉनिटरिंगला काम केलंय, तिथे एक गोष्ट सारखी दिसायची, ती म्हणजे ज्या घरी राउटर सगळ्यात जास्त वेळा बदलला जायचा त्याच घराची तक्रार सगळ्यात जास्त वेळा परत यायची, कारण खांबावरच्या जॉइंटकडे कोणी वर चढून बघितलेलंच नसायचं.

आधी स्पीड टेस्टचं बघू, कारण तिच्यामुळेच तुमची तक्रार क्लोज होते. स्पीड टेस्ट एकाच वेळी बऱ्याच कनेक्शनवरून डेटा ओढते आणि तो बहुतेक वेळा टीसीपीवर असतो, म्हणजे पडलेलं पॅकेट परत मागवलं जातं. सर्व्हर जवळच शहरात असला तर हे परत मागवणं इतक्या पटकन होतं की एखाद टक्का लॉस असला तरी आकडा झकास दिसतो. कॉल आणि गेमचं तसं नसतं, ते बहुतेक यूडीपीवर चालतात, त्यात हरवलेलं पॅकेट आपोआप परत मागवलं जात नाही, आणि मागवलं तरी ते येईपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे टेक्निशियन मोबाईलवर ९८ दाखवून सही घेऊन जातो आणि त्याच्या बाजूने तो खोटंही बोलत नसतो.

आता मोजायचं कसं. पहिली अट, लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. वायफायवरून केलेलं मोजमाप मला पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. मग एकाच वेळी कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडून तीन ठिकाणी पिंग लावायचा. एक तुमच्या राउटरला, तो बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असेल. दुसरा ऑपरेटरच्या पहिल्या पत्त्याला, तो शोधायला ट्रेसर्ट (tracert, वाटेतले पत्ते दाखवणारी कमांड) ८.८.८.८ चालवा, राउटरच्या खालची जी ओळ येईल ती. बऱ्याचदा तो १० ने किंवा १०० ने सुरू होणारा पत्ता असतो. (ओएनयूचा, म्हणजे फायबर येऊन लागते तो, डबा वेगळा आणि तुमचा राउटर वेगळा असेल तर मध्ये अजून एक घरचाच पत्ता दिसू शकतो, तो सोडून पुढचा घ्या. आणि तो पत्ता पिंगला उत्तरच देत नसेल तर त्याच्या पुढचा उत्तर देणारा.) तिसरा पिंग बाहेर, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. विंडोजवर मागे मायनस टी (-t) लावलं की तो थांबवेपर्यंत चालू राहतो.

पाच मिनिटं बघून बंद करू नका. सेकंदाला एक पिंग म्हणजे तासाला ३६००, आणि १ टक्का लॉस म्हणजे त्यातले ३६. आता हे ३६ कसे गेले याच्यात सगळं आहे. सलग ३६ गेले असतील तर तुमची लाइन अर्धा-पाऊण मिनिट पूर्ण मेली होती, म्हणजे डबा रिस्टार्ट झाला, पॉवर गेली किंवा फायबरचा संपर्क सुटला. तासभर विखरून एकेक गेले असतील तर लाइन चालू आहे पण कुठेतरी घाण आहे किंवा गर्दी आहे. टक्केवारी दोन्हीकडे तीच, दुरुस्ती पूर्ण वेगळी. म्हणून मला नुसतं चार टक्के लॉस येतोय असं सांगितलं तर मी काहीच सांगू शकत नाही. विंडोजचा साधा पिंग घड्याळाची वेळ लिहीत नाही ही त्याची मोठी अडचण आहे, त्यासाठी पिंगप्लॉटरसारखं काही वापरा, ते वेळेप्रमाणे आलेख काढतं. लिनक्स असेल तर पिंगला मायनस कॅपिटल डी (-D) लावलं की प्रत्येक ओळीला वेळ येते. दोन संध्याकाळी आणि एक दुपार एवढं तरी चालू ठेवा.

वाचताना अजून एक गोष्ट बघायची, आणि माझ्या मते ही सगळ्यात उपयोगाची: पॅकेट पडायच्या आधी पिंगचा वेळ (उत्तर यायला लागलेले मिलिसेकंद) वाढतो का? ६, ७, ६, ४०, ११०, १९०, टाइम्ड आउट, १८०, ९०, ८ असं दिसत असेल तर कुठेतरी रांग लागलीय, रांग भरली की नवीन आलेलं पॅकेट फेकलं जातं. ही गर्दी. आणि ६, ७, ६, टाइम्ड आउट, ६, ६, टाइम्ड आउट, ७ असं असेल, म्हणजे वेळ अजिबात न वाढता मधूनच एक गायब, तर रांगेचा संबंध नाही, पॅकेट वाटेत खराब झालं आणि समोरच्याने ते टाकून दिलं. हा तारेचा, कनेक्टरचा किंवा पोर्टचा प्रॉब्लेम. एवढा फरक ओळखलात तर अर्धं काम झालं.

ट्रेसरूट किंवा विनएमटीआरचे (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या प्रोग्रामचे) स्क्रीनशॉट दाखवून चौथ्या हॉपला (वाटेतल्या चौथ्या राउटरला) ६० टक्के लॉस आहे म्हणून ऑपरेटरशी भांडणारे खूप भेटतात. मधले राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं हे बिनमहत्त्वाचं काम समजतात, मर्यादा लावून ठेवलेली असते, पण पुढे जाणारा ट्रॅफिक नीट पाठवतात. तेव्हा चौथ्याला ६० आणि शेवटच्याला शून्य असेल तर काही बिघडलेलं नाही. एखाद्या हॉपपासून सुरू होऊन तो लॉस अगदी शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा.

मग निकाल कसे लावायचे. राउटरलाच लॉस असेल, तोही केबलवर, तर गोष्ट घरात आहे आणि सोपी आहे: पॅच केबल बदला, राउटरचा पोर्ट बदला, लॅपटॉपचा लिंक स्पीड (केबलवर जोडणी किती वेगाची झालीय ते) बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच, त्यामुळे गिगाबिट पोर्ट असून लिंक १०० वर येत असेल तर एखादी जोडी तुटलीय किंवा क्रिंपिंग (टोकाचा प्लग बसवणं) खराब आहे असं समजा. केबलवर स्वच्छ आणि वायफायवर खराब असेल तर वायफाय. फ्लॅटमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर पंधरा-वीस शेजाऱ्यांचे राउटर दिसतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शक्य ते सगळं ५ गिगाहर्ट्झवर घ्या, २.४ ला चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, आणि टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातून राउटर बाहेर काढा. वायफायमध्ये हवेत पडलेलं पॅकेट तिथल्या तिथे परत पाठवलं जातं, म्हणून लॉस दिसायच्या आधी राउटरचाच पिंग २, ३, १५०, ४, ९० असा उड्या मारताना दिसतो. याच्यावर जास्त लिहीत नाही, वायफायवर लोकांनी भरपूर लिहिलंय.

राउटर स्वच्छ पण ऑपरेटरच्या पहिल्या पत्त्यापासून बाहेरच्या पिंगपर्यंत लॉस, आणि तोही वेळ न वाढता, हा मला तुमच्या वर्णनावरून थोडा जास्त संशय आहे, कारण राउटर बदलूनही काही झालं नाही. इथे ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून ओएनयूपर्यंत किती प्रकाश पोचतोय ते, बघायची. ओएनयूच्या पेजवर लॉगिन केलं की पॉन किंवा ऑप्टिकल इन्फॉर्मेशन असं काहीतरी असतं, त्यात आरएक्स (येणारी) पॉवर डीबीएम या मापात, मायनसमध्ये दिलेली असते. तुमच्याकडे पासवर्ड नसेल तर टेक्निशियनला विचारा, "पॉवर किती येतेय?", त्याला लगेच कळतं आणि हा माणूस जरा माहितीतला आहे हेही कळतं. साधारण मायनस १५ ते मायनस २४ च्या मध्ये असेल तर चांगलं. मायनस २५ च्या खाली मी काळजी करतो. मायनस २७ ही नेहमीच्या बी प्लस प्रकारच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) ओएनयूची शेवटची हद्द, त्याच्या आसपास लाइन चालू दिसते, लाल लाईट लागत नाही, पण डेटा खराब व्हायला लागतो. हा आकडा लॉगरिदमच्या मापात असतो, म्हणजे ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा. मायनस २० चं मायनस २६ झालं तर लोकांना सहाच आकड्यांचा फरक वाटतो, पण प्रत्यक्षात पाव हिस्सा प्रकाश उरलेला असतो.

एकदाच बघून सोडू नका, हा आकडा तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. सकाळी, कडक दुपारी, पावसात आणि लॉस चालू असताना. आपल्याकडे घरात येणारी फायबर, म्हणजे ड्रॉप केबल, खांबावरून, गच्चीवरून, झाडांतून येते. जॉइंटच्या डब्यात पाणी जातं, खारी आणि उंदीर कुरतडतात, संक्रांतीला मांजा घासतो, मांडव घालणारे केबल बाजूला ओढून बांधतात. पूर्ण तुटली तर बरं, लगेच सापडते. अर्धवट दबलेली फायबर फार छळते. एका बंगल्याची तक्रार अशी होती की रोज दुपारनंतर लॉस आणि रात्री सगळं ठीक, पॉवर मोजायला गेलेला माणूस सकाळी जायचा आणि मायनस २१ बघून परत यायचा. दुपारी वारा सुटला की आंब्याची फांदी केबलवर टेकायची, पॉवर मायनस २८ पर्यंत हलायची. फांदीखालून केबल काढून दुसऱ्या बाजूने ओढली, तक्रार संपली. सकाळचा आकडा चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती.

घरातलं तुम्ही स्वतः बघू शकता असंही बरंच आहे. ओएनयूच्या मागे फायबरची गुंडाळी वाटीच्या तोंडापेक्षा लहान केलेली नको, खिळ्याच्या क्लिपने चेपलेली नको, सोफ्याच्या पायाखाली नको. कनेक्टरचा रंग बघा, हिरवा आणि निळा असे दोन असतात. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरकं कापलेलं असतं, निळ्याचं सरळ असतं. घाईत हिरवा निळ्याच्या जोडात घातला की बसतो व्यवस्थित, लाइनही चालू होते, पण दोन तोंडांच्या मध्ये फट राहते आणि काही डीबी तिथेच जातात. ज्या दिवशी कोणीतरी घरात येऊन पॅच कॉर्ड बदलून गेला त्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर आधी हे बघा. कनेक्टर उगाच काढघाल करू नका, बोट लागलं की तोंड खराब होतं, आणि टोकात डोळा घालून तर अजिबात बघायचं नाही, तो प्रकाश दिसत नाही पण असतो. टेक्निशियन आला की कनेक्टर साफ करायला आणि जुना फास्ट कनेक्टर (जागेवरच हाताने बसवलेला) असेल तर तो कापून नवीन करायला किंवा सरळ स्प्लायसिंग (फायबरची टोकं वितळवून जोडणं) करायला सांगा, फास्ट कनेक्टर स्वस्तात आणि पटकन होतात पण दोन-तीन पावसाळ्यांनंतर माझा त्यांच्यावर भरवसा नसतो.

हे सगळं खरोखर फायबर घरापर्यंत येत असेल तर. बऱ्याच सोसायट्यांत फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंत येते आणि तिथल्या स्विचमधून (नेट घराघरांत वाटणाऱ्या डब्यातून) निळी किंवा करडी लॅन केबल खाली घरात, आणि बिलावर मात्र फायबर. तुमच्या भिंतीतून लॅनची केबल येत असेल तर वरचे पॉवरचे आकडे विसरा. तिथे प्रश्न वेगळे: केबल १०० मीटरच्या आत आहे का, ती खरी तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, लिफ्टच्या किंवा मोटरच्या वायरला चिकटून येते का, आणि पेटी उन्हात आहे का. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत हात घालवत नाही, स्वस्तातला स्विच आणि त्याचा ॲडॉप्टर तिथे दुपारी गांगरतात आणि ऊन उतरलं की सावरतात. त्या पेटीची लाइट कुणाच्या मीटरवरून घेतलीय हेही विचारा, आमच्याकडे एका विंगचं नेट जायचं कारण पॅसेजच्या दिव्याच्या बटणावर ती पेटी होती.

सलग अर्धा-एक मिनिट जाणारा लॉस असेल तर राउटरच्या पेजवर अपटाइम बघा. तो सारखा शून्यापासून सुरू होत असेल तर डबा रिस्टार्ट होतोय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असतं, म्हातारा झाला की लोड वाढल्यावर व्होल्टेज पाडतो. इन्व्हर्टर लाइट जाता-येता क्षणभर झटका देतो, त्यातही हे होतं. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा ॲडॉप्टर लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

आता संध्याकाळचाच त्रास, आणि पिंगचा वेळ वाढून मग लॉस. यात दोन शक्यता, तुमच्या घरची गर्दी किंवा ऑपरेटरची. घरची गर्दी लोक धरतच नाहीत. संध्याकाळी सगळे घरी आले की सगळ्यांचे फोन वायफायला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडला चढायला लागतात, वर कॅमेरे असतील तर ते. डाउनलोड मोकळा असतो, अपलोड भरतो, आणि तुमचा आवाज त्याच अपलोडमधून जायचा असतो. तपासायला सोपं: त्रास चालू असताना लॅपटॉप सोडून बाकी सगळे घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे वायफायवरून काढा. पिंग लगेच खाली आला तर गर्दी तुमचीच. यावर उपाय म्हणजे एसक्यूएम (पॅकेटांची रांग सांभाळायची सोय) असलेला राउटर, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) केक किंवा एफक्यू-कोडेल म्हणून मिळतं, त्यात वेग खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधायचा म्हणजे रांग ऑपरेटरच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरात लागते आणि तो छोट्या पॅकेटांना अडकू देत नाही. तर हा तो प्रसंग जिथे तुमचे पाच-सहा हजार कारणी लागतील. बाकी कुठल्याच प्रकारात नाही.

सगळे काढूनही तसंच असेल तर बाहेरची गर्दी. जीपॉनमध्ये एका फायबरवर डाउनलोडला २.५ गिगाबिट आणि अपलोडला १.२५ गिगाबिट असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात, पण खरं सांगायचं तर तिथे क्वचित भरतं, बहुतेक वेळा स्थानिक ऑपरेटरने पुढे विकत घेतलेली बँडविड्थ रात्री ८ ते ११ पुरत नाही. त्याच ऑपरेटरच्या शेजाऱ्याला त्याच वेळी पिंग लावायला सांगा. त्यालाही तसंच असेल तर तुमच्या घरात कोणी काहीही बदलून उपयोग नाही. याच्यात एक विचित्र प्रकार असतो, एखाद्याच्या घरचा ओएनयू बिघडून आपली पाळी नसताना प्रकाश टाकत राहतो आणि त्याच फायबरवरच्या सगळ्या घरांचा अपलोड बिघडवतो. हे बहुतेक वेळा ऑपरेटरला पोर्टवर एकेक घर बंद करून शोधावं लागतं, तुमच्या हातात फक्त शेजाऱ्यांच्या तक्रारी एकत्र करणं.

एक प्रकार पॅकेट लॉसच नसतो पण तसा वाटतो: पिंग स्वच्छ आणि ठरावीक साइट किंवा ऑफिसचा व्हीपीएन मात्र लटकतो. कनेक्शन पीपीपीओईचं (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं) असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सहसा १४९२ असायला हवा. विंडोजच्या पिंगला मायनस एफ मायनस एल १४६४ (-f -l 1464) लावून बघा, जायला पाहिजे, कारण वरचे २८ बाइट हेडरचे.

ऑपरेटरशी बोलताना नेट स्लो आहे असं म्हणू नका, लगेच स्पीड टेस्ट करायला सांगतील. असं सांगा: राउटरपर्यंत शून्य लॉस, तुमच्या पहिल्या गेटवेला (तोच ऑपरेटरचा पहिला पत्ता) आणि पुढे इतके टक्के, अमुक ते अमुक वाजता, केबलवर मोजलंय, तेव्हा आरएक्स पॉवर इतकी होती. आलेखाचा फोटो जोडा. फोनवर ऐकून घेतलं तरी डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि तक्रार न सुटता क्लोज केली तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, ही सोय ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांतली आहे. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांतही पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत असावा असं होतं, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. तरी माझा अनुभव असा की मेलपेक्षा एरियाच्या लाइनमनचा नंबर जास्त कामाला येतो, त्याला पॉवरचे दोन वेळचे आकडे पाठवा, चढायचं की नाही ते त्याचं त्याला कळतं.

आणि कंटाळून कंपनी बदलणार असाल तर नवीनवाल्याची फायबर कुठल्या खांबावरून आणि कुणाच्या हाताने येणार ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी दोन कंपन्यांचं शेवटचं काम एकच केबलवाला बघतो, वर्षाचे पैसे भरल्यावर तोच माणूस तोच डबा उघडायला येतो. एक महिन्याचा प्लॅन घ्या, जुनं तोपर्यंत चालू ठेवा, आणि पहिल्याच दिवशी नवीन ओएनयूची पॉवर लिहून ठेवा.